टीएसएच नॉर्मल आला, थकवा मात्र गेला नाही: आता पुढे काय तपासायचं?

थायरॉइडची गोळी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) २.४, म्हणजे अगदी मर्यादेत. आणि मी मात्र दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठड्याला धरून थांबत होते. विंचरताना हातात केसांचा गुंता यायचा. दुपारी तीननंतर साधा ईमेल लिहायलाही शब्द सुचायचे नाहीत. "रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका," हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. चौथ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. ते आलं ९. हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणून तोवर लोहाची शंका कुणालाच आली नव्हती.

थायरॉइड कमी काम करतो असं ज्यांचं निदान नुकतंच झालंय आणि गोळी घेऊनही ज्यांना बरं वाटत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. गोळीचा डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पण त्यांच्यासमोर नीट माहिती घेऊन बसणं हे आपलं काम आहे आणि ते शिकता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. "टीएसएच नॉर्मल" हे "गोळीचा डोस पुरतोय का?" या प्रश्नाचं उत्तर आहे. "मला बरं का वाटत नाही?" हा वेगळा प्रश्न आहे. टीएसएच मर्यादेत असूनही तक्रारी राहणाऱ्यांचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के सांगितलं जातं. म्हणजे तुम्ही एकटे नाही आणि हे मनाचे खेळही नाहीत. मात्र कारण प्रत्येक वेळी थायरॉइडच असेल असं नाही. म्हणूनच हा शोध क्रमाने घ्यावा लागतो.

कुणी वाट पाहू नये?

छातीत दुखणं, धाप लागणं, अनियमित धडधड, शुद्ध हरपल्यासारखी गुंगी, अंग गार पडणं, काळी शौच, कारण नसताना झपाट्याने उतरणारं वजन, जीव नकोसा वाटणं, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तरीही वाट पाहू नका. गरोदरपणात थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या गोळीतल्या हार्मोनची) गरज पहिल्या काही आठवड्यांतच, बहुतेकदा पंचवीस ते तीसेक टक्क्यांनी, वाढते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी तो काळ महत्त्वाचा असतो.

पायरी १: दोन आठवड्यांची वही

तपासण्यांच्या आधी वही. रोज रात्री चार ओळी पुरतात: गोळी किती वाजता घेतली, त्यानंतर पहिला घास किंवा कॉफी किती वाजता, झोप किती झाली आणि थकव्याला शून्य ते दहापैकी किती गुण. पाळी येत असेल तर तिच्या तारखा आणि रक्तस्राव किती होतो तेही लिहा. इतर सगळी औषधं आणि सप्लिमेंट एका पानावर डोससकट लिहून ठेवा. केसांसाठी म्हणून घेतलेली गोळी त्यात नक्की असू द्या. ती का, हे पुढे येईलच.

वहीचा उपयोग असा की "मला खूप थकवा येतो" या वाक्याला डॉक्टरांकडे फारसं उत्तर नसतं. "सकाळी ठीक असते, दुपारी तीनला गुण आठवर जातात, पाळीनंतरच्या आठवड्यात सगळ्यात वाईट," असं सांगितलं की त्यांना दिशा मिळते. माझ्या वहीत पाळीनंतरचे दिवस सलग आठ-नऊ गुणांचे होते. लोहाची शंका तिथूनच आली.

पायरी २: गोळी पोटात जाऊन खरंच शोषली जाते का?

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय इथेच आहे.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली थायरॉइडची गोळी, लहरी औषध आहे. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं. ग्रंथी अगदीच काम करत नसेल तर पूर्ण डोस साधारण दर किलो वजनाला रोज १.६ मायक्रोग्रॅम एवढाच. इतक्या छोट्या मात्रेतला थोडा भाग जरी आतड्यातून तसाच निघून गेला तरी फरक पडतो. म्हणून गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. कॉफीसुद्धा नाही. कॉफीने शोषण कमी होतं आणि दूध घातलं की त्यात कॅल्शियमची भर. सकाळ धावपळीची असेल तर रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. वेळ कुठलीही निवडा, पण रोज तीच ठेवा.

कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. माझ्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या खान्यात तीन गोळ्या शेजारी शेजारी असायच्या: थायरॉइडची, कॅल्शियमची आणि एक मल्टिव्हिटॅमिन. मी त्या एका घोटात घ्यायचे. औषधं वेळेवर घेतोय याचं मला समाधान होतं. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत लोह आणि कॅल्शियम दोन्ही छापलेलं होतं. ते मी एका वर्षाने वाचलं. आता सकाळच्या खान्यात एकच गोळी असते, बाकीच्या दुपारी आणि रात्री.

ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेत असाल तर तेही सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू केल्या की थायरॉक्सिनची गरज वाढू शकते. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) आणि ॲमिओडॅरोन (हृदयाच्या लयीसाठीचं औषध) तर थायरॉइडच्या कामावरच परिणाम करतात. कंपनी बदलली असेल, म्हणजे तोच डोस पण वेगळ्या ब्रँडचा, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायला सांगा. गोळ्या उष्णता, दमट हवा आणि उजेड यांपासून लांब, मूळ पाकिटात ठेवा. न्हाणीघरातलं कपाट ही त्यांच्यासाठी सर्वांत वाईट जागा.

या पायरीत काही चूक सापडली तर ती सुधारा आणि बाकीचं सगळं सहा आठवडे तसंच ठेवा. हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. पण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही.

पायरी ३: रक्त देण्याचा दिवस

टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री उशिरा ते पहाटे तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी उतरतो. एक तपासणी सकाळी आठला आणि पुढची दुपारी तीनला केली, तर आकड्यातला फरक नुसत्या घड्याळाचा असू शकतो. दर वेळी सकाळी, शक्यतो त्याच वेळेला आणि त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या.

सकाळी गोळी घेत असाल तर त्या दिवशी रक्त दिल्यानंतरच घ्या. टीएसएचवर त्या दिवशीच्या गोळीचा फरक पडत नाही, पण गोळीनंतर दोन ते चार तास फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) तात्पुरता वर जातो आणि रिपोर्ट वाचताना फसगत होते.

आता त्या केसांच्या गोळीबद्दल. केस-नखांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सप्लिमेंटमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची, आणि या गोळ्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमही असतं. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांची रसायनं बायोटिनच्याच पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर अशा तपासणीत टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो. म्हणजे डोस जास्त झालाय असं चित्र उभं राहतं. डॉक्टर डोस कमी करतात आणि आधीच थकलेला माणूस आणखी थकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे तपासण्या चुकतात असा जाहीर इशारा दिला होता. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा. डोस फार मोठा असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना किंवा प्रयोगशाळेला विचारा.

लोहाच्या तपासण्याही त्याच दिवशी करणार असाल तर आदल्या दिवशीची लोहाची गोळी टाळा आणि उपाशीपोटी जा. ताप, सर्दी किंवा मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं असेल तर सगळंच काही आठवडे पुढे ढकला. आजारपणात थायरॉइडचे आणि फेरिटिनचे दोन्ही आकडे हलतात.

पायरी ४: थायरॉइडचा रिपोर्ट कसा वाचायचा

टीएसएच थायरॉइड ग्रंथीतून येत नाही, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात थायरॉइड हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी मोठ्याने हाक मारते आणि टीएसएच चढतो. पुरेसं असलं की हाक मंदावते. प्रौढांची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत साधारण ०.४ ते ४ मिलियुनिट प्रति लिटर असते. तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच तुमच्यासाठी खरी. वय सत्तरीच्या पुढे गेलं की थोडा जास्त टीएसएच स्वाभाविक मानतात. तिथे तरुणांचा आकडा गाठायचा हट्ट धरला तर अपायच होतो.

एकाच माणसाचा टीएसएच काहीही न बदलता वर-खाली होत असतो. २.१ चा २.८ झाला म्हणून घाबरू नका, त्याला बदल म्हणतच नाहीत.

टीएसएचबरोबर फ्री टी-४ असला तर जोडी वाचता येते. टीएसएच जास्त आणि टी-४ कमी: डोस कमी पडतोय किंवा गोळी शोषली जात नाही. टीएसएच जास्त, पण टी-४ चांगला किंवा वरच्या टोकाला: बरेचदा याचा अर्थ गोळ्या मध्ये मध्ये चुकल्या आणि तपासणीच्या आधीचे काही दिवस नेमाने घेतल्या. हे डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर डोस विनाकारण वाढेल. टीएसएच खूप खाली: डोस जास्त आहे. "थोडा जास्त असला तर उत्साह येईल" असं वाटतं खरं, पण टीएसएच सतत ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. टीएसएच कमी किंवा नॉर्मल आणि टी-४ मात्र कमी असेल तर दोष पिट्युटरीतच असू शकतो. अशा लोकांमध्ये टीएसएचवर भरवसा ठेवता येत नाही, टी-४ पाहूनच डोस ठरवतात.

डोस बदलल्यावर लगेच तपासू नका. टी-४ चं अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ, साधारण सात दिवसांचं असतं. रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी. तिसऱ्या आठवड्यात काढलेला टीएसएच तुम्हाला काहीच सांगत नाही.

अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची तपासणी एकदा पुरते. ती पॉझिटिव्ह आली तर कारण बहुधा हाशिमोटो, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. आकडा ४०० वरून ३०० झाला का हे दर सहा महिन्यांनी बघण्यात अर्थ नाही, उपचार त्याने बदलत नाहीत. हाशिमोटो आहे हे कळणं मात्र पुढच्या पायरीसाठी महत्त्वाचं आहे. रिव्हर्स टी-३ नावाची तपासणी कुणी सुचवली तर ती नेमकी कशासाठी, हे विचारा. रोजच्या उपचारात तिचा उपयोग होत नाही.

पायरी ५: पोषणाच्या तपासण्या

आधी लोह, कारण इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात.

हिमोग्लोबिन हे हातात खेळणारे पैसे आणि फेरिटिन ही शिल्लक. शरीर आधी शिल्लक मोडतं आणि हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन तळाला जाऊ शकतं. थकवा, केस गळणं, थंडी वाजणं, जिन्यावर दम लागणं, झोपताना पायांची चुळबुळ ही लोहाच्या कमतरतेची लक्षणं थायरॉइडच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की आपण सगळा दोष थायरॉइडला देऊन मोकळे होतो. शिवाय दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ या एन्झाइमला लोह लागतं आणि थायरॉइड कमी पडलं की पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, म्हणजे लोह आणखी जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढात फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं की कमतरता. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच शंका घेतात. काही प्रयोगशाळांची छापील मर्यादा मात्र १० किंवा १२ पासून सुरू होते, म्हणून १४ फेरिटिनवर रिपोर्ट गप्प बसतो. दुसरी गोम अशी की शरीरात दाह किंवा संसर्ग असला की फेरिटिन फुगून दिसतं. तशा वेळी ७० च्या खालचं फेरिटिनही कमतरता दाखवू शकतं. म्हणून सोबत सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) बघतात. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता बळावते.

लोह कमी निघालं तर गोळी घेण्याआधी ते गेलं कुठे, हा प्रश्न विचारा. पाळी जास्त जाते का? पाळी थांबलेल्या स्त्रियांत आणि पुरुषांत पोट-आतड्यातून रक्त जात नाही ना, हे तपासायलाच हवं. हाशिमोटोवाल्यांमध्ये सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) आणि जठराचा ऑटोइम्यून दाह हे दोन्ही इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि दोन्हींत लोह शोषलं जात नाही. सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए ही रक्ततपासणी असते. ग्लुटेन बंद करून मग ती केली तर खोटीच निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून क्रम उलटा करू नका.

गोळी सुरू झाली तर ती रोज दोनदा घेतली की दुप्पट फायदा, असं नसतं. लोहाचा डोस घेतल्यावर हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. म्हणून काही डॉक्टर दिवसाआड एक गोळी देतात. पोटालाही ती सोसते. चहा-कॉफी त्या वेळी टाळा. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शिल्लक भरायला साधारण तीन महिने गोळी सुरू ठेवावी लागते. माझं फेरिटिन ९ वरून ४८ व्हायला सात महिने लागले. केस गळणं थांबल्याचं पाचव्या महिन्यात लक्षात आलं, तेही वहीमुळे.

आता बी-१२. साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये संदिग्ध. संदिग्ध असेल तर एमएमए किंवा होमोसिस्टिन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) तपासून खात्री करतात. हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत होणं, विसराळूपणा, तोल जाणं असं काही असेल तर बी-१२ पुढे ढकलू नका. नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर ते पूर्ण भरून येत नाही. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी बी-१२ कमी होतं, मांस-अंडी-दूध न घेणाऱ्यांत ते कमी असतंच. रक्त देण्याआधी बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करू नका, कारण आकडा चढतो आणि खरी स्थिती झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहणंही धोक्याचं, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते.

व्हिटॅमिन डीसाठी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी. १,२५-डायहायड्रॉक्सी ही वेगळी, ती साठा दाखवत नाही. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली अपुरं, १२ च्या खाली स्पष्ट कमतरता. इथे एकक बघाच. एकदा माझा आकडा २२ वरून थेट ५५ झाला आणि मी खूश होऊन गोळ्या थांबवल्या. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर एकावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि दुसऱ्यावर नॅनोमोल प्रति लिटर. २२ ला २.५ ने गुणलं की ५५. काहीच बदललं नव्हतं. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. म्हणून मोठे डोस स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका.

सेलेनियम, आयोडीन, जस्त, मॅग्नेशियम यांच्याबद्दल थोडक्यात. टी-४ चं टी-३ (शरीरात प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन) करणाऱ्या एन्झाइमना सेलेनियम लागतं, हे खरं. पण प्रौढांची गरज रोज ५५ मायक्रोग्रॅमची, ती बहुतेकांची आहारातून भागते. गोळ्यांनी अँटिबॉडी कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं, तरी त्याने बरं वाटतं असं ठामपणे म्हणता येत नाही. जास्त झालं तर केसच गळतात आणि नखं तुटतात. आयोडीनचं तर उलटंच आहे. आयोडीन कमी पडल्याने थायरॉइड बिघडतो, पण हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. एका वेळच्या लघवीतल्या आयोडीनवरून एका माणसाची कमतरता ठरवता येत नाही, ते मोजमाप लोकसमूहांसाठी आहे. जस्त फार दिवस जास्त घेतलं तर तांबं कमी होतं. आणि शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असतं, त्यामुळे तो आकडा नॉर्मल असला तरी त्यावरून फार काही ठरवू नका.

पायरी ६: थायरॉइड आणि पोषणाच्या पलीकडे

पूर्ण रक्तगणना, साखर, मूत्रपिंड, यकृत, सोडियम, कॅल्शियम या साध्या तपासण्या एकदा होऊन जाऊ द्या. एक बारकावा लक्षात ठेवा: लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) खोटंच थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून फेरिटिन तळाला असताना आलेल्या काठावरच्या आकड्याने मधुमेहाची धास्ती घेऊ नका, उपाशीपोटीची साखरही बघा. वजन उतरतंय, उठल्यावर चक्कर येते, त्वचा काळवंडतेय असं असेल तर सकाळच्या कॉर्टिसॉलबद्दल (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनबद्दल) विचारा. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन वाढवणं घातक ठरू शकतं.

आणि झोप. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, आठ तास झोपूनही ताजं न वाटणं हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण असू शकतं आणि ते कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही. पाळी जाण्याच्या आसपासचा काळ आणि नैराश्य हेही असंच. नैराश्याचं नाव निघालं की आपल्याला ते उडवून लावल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण तेही तपासण्यासारखं आणि उपचार होण्यासारखं कारण आहे.

पायरी ७: डॉक्टरांसमोर

जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका पानावर उतरवा: तारीख, डोस, टीएसएच, टी-४, फेरिटिन, बी-१२, डी, प्रत्येकाचं एकक आणि त्या दिवशीचा थकव्याचा गुण. हे एक पान दहा मिनिटांच्या भेटीत फार कामी येतं. मोठी तपासणी-पॅकेजेस घेऊन वीस आकड्यांची भेंडोळी नेण्यापेक्षा "माझ्या तक्रारींना यातली कुठली तपासणी लागू होते?" असं विचारा. तपासणी आधी, गोळी नंतर, आणि एका वेळी एकच बदल. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, फेरिटिन आणि व्हिटॅमिन डी साधारण तीन महिन्यांनी. लोह सुरू केलंत तर त्या काळात टीएसएचही एकदा बघा, कारण चार तासांचं अंतर पाळताना कधी ना कधी चूक होतेच.

हे सगळं नीट झालं, कमतरता भरून निघाल्या, टीएसएच स्थिर आहे आणि तरीही महिनोन्‌महिने बरं वाटत नसेल, तर टी-३ च्या प्रश्नावर बोलायची वेळ आली असं समजा. टी-४ बरोबर थोडं टी-३ देण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अनेकांना फरक पडत नाही, काहींना पडतो. टी-३ चं अर्धायुष्य जेमतेम एका दिवसाचं, त्यामुळे पातळी चढते-उतरते आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना किंवा गरोदर स्त्रियांना तो मार्ग योग्य नाही. हे एंडोक्रायनोलॉजिस्टच्या (हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या) देखरेखीखाली, ठरावीक मुदतीची चाचणी म्हणूनच करावं. सुरू करण्याआधी वहीतले गेल्या महिन्याचे गुण, नाडीचा वेग आणि टीएसएच लिहून ठेवा आणि किती महिन्यांनी फरक पडला नाही तर थांबायचं, ती तारीख डॉक्टरांसोबत त्याच दिवशी त्याच पानावर लिहा.